लाल दोऱ्याचं चाक

उस्तादांच्या चाकाला दुसऱ्याने पाना लावायचा नाही, हे डोंगरावर सायकल हाणणाऱ्या झाडून सगळ्यांना पाठ होतं. नियम कुणी लिहून ठेवला नव्हता, पण तो मोडायची कुणाची छातीही नव्हती. मधला हब, बाहेरची रिम आणि त्यांना जोडणाऱ्या तारा जुळवून चाक बांधून झालं की दोन तारा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे उस्ताद लाल दोऱ्याची बारीकशी गाठ मारायचे. ती गाठ दिसली की बाकीचे मेकॅनिक हात मागे घ्यायचे. माणूस अहंकारी होता म्हणा हवं तर, पण हातात कसब होतं, आणि कान तर विचारूच नका! तार बोटाने छेडायची, सूर ऐकायचा, तारेच्या टोकाचा नट, म्हणजे निपल, जरासा फिरवायचा, पुन्हा छेडायची. ताण मोजायचं मीटर बाजारात मिळतं, पण उस्ताद त्याला बहिऱ्यांची सोय म्हणायचे. भिंगरीने, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीने, हौसेने आणून दिलेलं मीटर त्यांनी खोक्यातून बाहेरसुद्धा काढलं नव्हतं.

आणि त्याच भिंगरीचा त्याच डोंगरावर जीव गेला.

खेळच तसला. डोंगरमाथ्यावरून सायकल सोडायची आणि दगडधोंड्यांतून, झाडांच्या मुळांवरून, उड्या मारत खाली यायचं. भिंगरी पोरवयापासून त्या उतारावर वाढली होती. गेल्या मोसमातल्या शर्यतीत दगडी वळणावर तिच्या सायकलचं पुढचं चाक आडवं झालं, ती फेकली गेली, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. लोकांनी पाहिलं ते एवढंच, की पुढच्या चाकाची कार्बन फायबरची रिम उसवली होती. ती रिम आणली होती उस्तादांच्या धाकट्या भावाने.

दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात, सगळ्यांच्या देखत, उस्ताद धाकट्यावर ओरडले होते, "तुझ्या स्वस्तातल्या रिमने मारली माझ्या पोरीला! तोंड दाखवू नकोस पुन्हा!" धाकट्याने मान खाली घातली होती. एक अक्षर बोलला नाही. उस्तादांना वाटलं, बोलेल कसा? बोलायला तोंड हवं ना.

आता वर्ष होत आलं होतं, आणि त्या दिवशी संध्याकाळी ट्रॅकच्या समितीची बैठक होती. विषय एकच. असल्या स्वस्त कार्बन रिमांना उतारावर कायमची बंदी घालायची की नाही. उस्तादांनीच तो विषय लावून धरला होता. वर्षभर दुसरं काही त्यांना सुचलंच नव्हतं. भिंगरीची ती उसवलेली रिम टेबलावर ठेवायची, सगळ्यांना दाखवायची, आणि धाकट्याच्या मालावर जाहीर शिक्का मारायचा. तेवढं झालं की आपल्याला झोप लागेल, असं ते बायकोला म्हणाले होते.

सकाळीच धाकटा दारात येऊन उभा राहिला. वर्षात पहिल्यांदा. रिमांचा धंदा उस्तादांनी बोलून बोलून बंद पाडल्यापासून तो एका रंगाच्या दुकानात कामाला होता. नखांत पांढरा रंग होता.

"दादा, बंदी घाल. माझं काही म्हणणं नाही," तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. "फक्त ते चाक नेऊ नकोस. फेकून दे ते. मी तुझ्या पाया पडतो."

उस्तादांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "का? लोकांना दिसेल म्हणून लाज वाटते? आता वाटते?"

"हो, लाज वाटते. तसंच समज."

"चालता हो!"

धाकटा गेला. भिंगरीची आई आतून सगळं ऐकत होती. ती बाहेर येऊन म्हणाली, "अहो, एवढा हात जोडत होता, तर ऐकायचं होतं त्याचं. पोटचं पोर असल्यासारखं केलं त्याने तिचं."

"तूही त्याच्याच बाजूची!" उस्ताद म्हणाले आणि चहा तसाच ठेवून दुकानात निघून गेले. दुकान म्हणजे घराखालचीच खोली. तिला सायकलच्या वंगणाचा वास होता आणि भिंतीभर चाकं टांगलेली होती.

मागच्या कोपऱ्यात जुन्या चादरीखाली भिंगरीची सायकल होती. वर्षभर चादर कुणी उचलली नव्हती. उस्तादांनी ती उचलली आणि तिथेच स्टुलावर बसले. हँडलच्या मुठीवर तिच्या हातमोज्यांचा निळा रंग अजून लागलेला होता. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.

रिमांवरून दोघा भावांचं भांडण तसं जुनं. उस्तादांचं म्हणणं सरळ होतं. अल्युमिनियमची रिम दगडावर आपटली की तिला पोचा पडतो. पोचा दिसतो, ठोकून सरळ करता येतो, नाहीच झाला तर रिम बदलता येते. बिचारी सांगून जाते. कार्बनचं तसं नाही. आज धडधाकट, उद्या आतल्या आत चीर, परवा तुकडे! आणि त्यातही स्वस्तातलं कार्बन म्हणजे कुणी कुठे थापलं, थरांत काय भरलं, देव जाणे.

धाकटा हसायचा. "दादा, महागातलंही माणसंच थापतात रे." तो काही डोळे मिटून माल आणत नव्हता, हे खरं. प्रत्येक खेपेतली एक रिम करवतीने कापून आतले थर बघायचा. बाकीच्या एकेक करून बोटाच्या पेराने ठोकायचा. चांगली रिम खणखणीत वाजते, आत कुठे पोकळी राहिली असेल तर तेवढीच जागा बद्द बोलते. बद्द बोलली की परत! स्वतः भिंगरीने त्या रिमांवर अख्खा एक मोसम काढला होता, तोही मुद्दाम दगड शोधून शोधून. टायरांत हवा कमी ठेवून आपटल्या, पायऱ्यांवरून उतरवल्या, खरवडल्या. तरी टिकल्या.

"बाबा, दगड दमले पण रिम नाही दमली," ती म्हणाली होती. "आता शर्यतीसाठी नव्या जोडीवर तू चाकं बांध. आधीची काकाने बांधली होती, ती चालली मला. पण शर्यतीला तुझंच चाक हवं. लाल दोऱ्याचं."

असं म्हटल्यावर कुठल्या बापाचा राग टिकेल? उस्तादांनी नाक मुरडत का होईना, रिमा हातात घेतल्या. तिने तारा आणल्या होत्या त्याही पातळ. मधे बारीक, टोकांना जाड. वजन कमी हवं म्हणून. उस्तादांचा जन्म जाड तारांत गेलेला. "शेवया आणल्यास का गं?" असं म्हणून त्यांनी तिची थट्टा केली. मग बसले बांधायला. ती समोर पाय हलवत बसली होती, दाणे खात. तार छेडायची, ऐकायची, निपल फिरवायचा. दोन्ही चाकं त्यांच्या ओळखीच्या सुरात आली, फिरवल्यावर तसूभरही डुगडुगली नाहीत. लाल गाठी मारल्या. "घे, आता डोंगर पडला तरी चाक पडायचं नाही," ते म्हणाले होते. तिने उठून त्यांच्या टकलावर पापा घेतला होता.

हे सगळं आठवलं आणि उस्तादांनी रागाने डोळे पुसले. चला, कामाला लागा. रिम न्यायची तर हब आणि तारा कशाला? नुसती रिम सुटी करून नेली तर चीर नीट दिसेल. त्यांनी पुढचं चाक काढलं, लाल गाठ कापली आणि निपल सोडवायला पाना हातात घेतला.

पाना लावायची गरजच पडली नाही. निपल बोटाने फिरत होते.

तुटलेल्या रिमच्या तारा ढिल्या पडणारच, त्यात काय! उस्तादांनी स्वतःशीच मान हलवली. रिम उसवली, ताण गेला, सरळ हिशोब आहे. पण चीर होती एका बाजूला, आणि पार समोरच्या बाजूचे निपलही तसेच लोण्यात फिरावेत तसे फिरत होते. हात थांबला. नको तो विचार मनात आला आणि त्यांनी तो झटकलाही. तरी हात आपोआप मागच्या चाकाकडे गेला.

मागचं चाक धड होतं. त्या दिवशी तेही सगळा उतार उतरलं होतं. रिमवर दगडांचे ओरखडे होते, एका जागी बोट जाईल एवढा टवका उडालेला होता. उस्तादांनी पेराने सगळी रिम ठोकत नेली. खण, खण, खण. कुठेही बद्द नाही. स्वस्तातली म्हणून ज्या रिमेला वर्षभर शिव्या घातल्या, ती एवढं सोसून खणखणीत होती. मग त्यांनी दोन तारा मुठीत धरून दाबल्या. तारा जवळ आल्या. इतक्या सहज यायला नको होत्या.

छेडून पाहिलं. सूर थोडा उतरला होता, वर्ष झालं म्हटल्यावर उतरणारच. पण सूर तोच, त्यांचा.

उस्तादांनी कपाटातला तो खोका काढला. मीटरवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. आत एक पुठ्ठ्याचं कार्ड होतं. कुठल्या जाडीच्या तारेला काटा कुठे यायला हवा, ते त्यावर छापलेलं. आधी त्यांनी भिंतीवरचं एक जाड तारांचं चाक घेतलं, कालच बांधलेलं. मीटर लावलं. काटा कार्डाप्रमाणे बरोब्बर जागेवर. कान शाबूत होता तर! क्षणभर बरं वाटलं बिचाऱ्यांना. मग त्यांनी भिंगरीचं मागचं चाक स्टँडवर चढवलं, एक पातळ तार धरली आणि आपल्या कानाला पटेल त्या सुरापर्यंत ताणत नेली. अगदी बांधलं होतं त्या दिवशीसारखी. मीटर लावलं.

काटा निम्म्याच्या जरासाच वर जाऊन थांबला.

दुसरी तार घेतली. तिसरी. सगळीकडे तेच. पातळ तार थोड्या ताणातही तोच सूर देते. एवढी साधी गोष्ट! एकाच जाडीच्या तारांवर ज्याचा कान तयार झाला, त्याला ती सुचली नाही. यंत्र लावणाऱ्या एखाद्या नवशिक्याने सहज पकडली असती. भिंगरीची दोन्ही चाकं पहिल्यापासून ढिली होती. ढिल्या तारा धक्क्यांनी आणखी ढिल्या होत गेल्या, दगडी वळणावर चाक सायकलखाली मुडपलं, आणि मुडपल्यावर कुठली रिम राहिली असती? कार्बनची नाही, अल्युमिनियमची नाही, सोन्याची नाही.

उस्ताद खाली फरशीवर बसले. बायकोला हाक मारावी असं वाटलं. पण काय सांगणार तिला?

थोड्या वेळाने ते उठले, मागचं चाक हातात घेतलं आणि चालत रंगाच्या दुकानाकडे निघाले. वाटेत दोघातिघांनी हाक मारली. त्यांना ऐकू आली नाही.

दुकानात धाकटा रंगाचा डबा हलवणाऱ्या मशीनपाशी उभा होता. त्याने आधी दादाकडे पाहिलं, मग चाकाकडे. त्याने मशीन बंद केलं.

"तार ढिली होती," उस्ताद म्हणाले.

धाकट्याने विचारलं, "कुणी सांगितलं तुला?"

बास! तेवढ्या एका प्रश्नात सगळं आलं. कसली तार, कसली ढिली, असं त्याने विचारलंच नाही. उस्ताद जवळच्या डब्यावर बसले.

"तुला माहीत होतं."

"मी पहिला पोचलो होतो ना तिच्यापाशी," धाकटा हळू आवाजात म्हणाला. "तिला गाडीत ठेवलं. मग सायकल उचलताना मागच्या चाकाच्या तारा हाताला लागल्या. कळलं."

"आणि मी तुला भर दवाखान्यात एवढं बोललो. तुझा धंदा बसवला. गावभर तुझ्या नावाने बोंबा मारल्या. तू गप्प बसलास?"

"काय करू मग? पोरगी गेली होती तुझी. वर हेही सांगू? तू जगला असतास का दादा? मला शिव्या घालून तू निदान उठत तरी होतास, जेवत तरी होतास. वहिनी म्हणायची, रागावर का होईना, उभे आहेत." त्याने हाताला लागलेला रंग पँटला पुसला. "मला काय, दुसरं काम मिळालं."

लहानपणी याने फोडलेल्या काचांसाठी आपण मार खाल्ला होता, हे उस्तादांना उगीचच आठवलं.

"अजून काही आहे," ते म्हणाले. "तुझ्या डोळ्यांत दिसतंय. सांग."

"नाही रे."

"माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

धाकट्याने दुकानाच्या आत एकदा पाहिलं. मालक जेवायला गेला होता. मग तो समोर उकिडवा बसला आणि बोलताना सगळा वेळ चाकाकडेच बघत राहिला.

"शर्यतीच्या दिवशी सकाळी सरावाची एक फेरी मारून ती खाली आली. म्हणाली, काका, पुढचं चाक वळणावर लोळल्यासारखं वाटतंय. मी म्हटलं, आण इकडे, दोन मिनिटांत ताणून देतो. पाना खिशातच होता माझ्या. मी चाकाला हात लावला, तर तिने माझा हात धरला. म्हणाली, नको काका. बाबाचा दोरा आहे त्याला. तू पाना लावलास हे त्याला कळलं तर वाईट वाटेल. किती वर्षांनी त्याने माझ्या आवडीची रिम हातात घेतली." धाकट्याने चाकावरच्या लाल गाठीला बोट लावलं. "मी म्हटलं, अगं पण लोळतंय ना? तर हसली. म्हणाली, माझंच काहीतरी चुकत असेल. बाबाचा कान चुकायचा नाही. आणि मी ऐकलं तिचं. मी हात काढून घेतला, दादा. खिशात पाना असून."

रस्त्यावरून माणसं जात होती, कुणी दुकानात डोकावून पुढे जात होतं. दोघं भाऊ मधे ते चाक ठेवून बसले होते आणि दोघांनाही मान वर करता येत नव्हती. तोंडातून आवाज न काढता उस्ताद रडत होते. धाकट्याने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, तो त्यांनी दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवला.

"संध्याकाळी जाऊ नकोस," धाकटा शेवटी म्हणाला. "बंदी होऊ दे. माझा तो माल कधीच संपलाय. कशाला आता हे उकरून काढायचं?"

"जायला हवं," उस्ताद म्हणाले. "माझ्या दोऱ्याची आणखी चाकं आहेत त्या डोंगरावर. आता बरेच जण वजन कमी करायला पातळ तारा मागतात."

बैठक ट्रॅकच्या पायथ्याशी, पत्र्याच्या शेडमध्ये होती. सेक्रेटरीने उस्तादांना बघून स्वतः उठून खुर्ची दिली. सगळ्यांचे चेहरे पडलेले, आवाज मऊ. भिंगरीचा फोटो भिंतीवर होता, हेल्मेट काखेत धरून दात काढून हसतानाचा. उस्तादांनी दोन्ही चाकं टेबलावर ठेवली. शेजारी मीटर ठेवलं.

"रिम चांगली होती," ते म्हणाले. "बंदीचा विषय मी मागे घेतो. रिमेने काही केलं नाही. चाक मी बांधलं होतं, आणि ते ढिलं बांधलं होतं."

सेक्रेटरी गडबडला. "उस्ताद, तुम्ही दुःखात आहात. असं स्वतःला—"

"तारा दाबून बघा. या, एकेक जण या. लाजू नका."

कुणीच पुढे येईना. शेवटी एक तरणा गडी उठला. त्याच्याही सायकलला लाल दोरा होता. त्याने मागच्या चाकाच्या दोन तारा मुठीत दाबल्या आणि पटकन हात मागे घेतला. तो बाहेर गेला आणि आपली सायकल घेऊन आला. मग एकेक करून बाकीचेही उठले. शेडच्या भिंतीला लाल दोऱ्यांच्या चाकांची रांग लागली.

धाकटा दाराशीच उभा होता. आत यायचं की नाही हे त्याला कळत नव्हतं. उस्तादांनी त्याला हाताने बोलावलं.

"पाना आहे ना खिशात?"

धाकट्याने होकारार्थी मान डोलावली.

"मग लाव." उस्तादांनी भिंगरीचं मागचं चाक त्याच्यापुढे सरकवलं. तिथली लाल गाठ अजून तशीच होती. "ती नको म्हणाली होती. मी हो म्हणतोय."

पहिला निपल धाकट्याला दोनदा धरावा लागला. मग जमलं. एकेक तार घट्ट होत गेली, एकेक तारेचा सूर चढत गेला. उस्ताद ऐकत होते. तो सूर त्यांच्या कानाला चुकीचा वाटत होता, फार वरचा, कर्कश. एवढं सगळं कळून चुकल्यावर, सगळ्यांसमोर बोलून दाखवल्यावर, अजूनही चुकीचाच वाटत होता.

धाकट्याने थांबून विचारलं, "बस का, दादा?"

उस्तादांनी आपले दोन्ही कान हातांनी झाकून घेतले.

"मला नको विचारू," ते म्हणाले. "मीटर लाव."